सेंटरला सोडा, पास अडवा: सांगलीच्या वॉटरपोलो टीमचं एक प्रकरण

आमच्या सांगलीच्या अंडर-१७ टीमचा सेंटर-बॅक, म्हणजे गोलपुढं राखण करणारा पोरगा, ५४ किलोचा आहे आणि राज्य स्पर्धेत त्याच्या अंगावर जो सेंटर येऊन बसतो तो ८० च्या पुढचा असतो. प्रकरण म्हणाल तर एवढंच. या फरकाचं करायचं काय यावर आमच्या सरांनी एक निर्णय घेतला, तो पहिल्या मॅचला जवळपास बुडाला आणि दुसऱ्या मॅचला तरला. का बुडाला, का तरला, ते नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहितोय. मी टीमबरोबर असतो, टेबलाच्या बाजूला बसून प्रत्येक फाऊल आणि शॉट वहीत मांडायचं काम माझ्याकडं, त्यामुळं खालचं बरंचसं त्या वहीतलंच आहे.

ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सात जण पाण्यात, त्यातला एक गोली. तळाला पाय टेकवायचा नाही, आणि गोली सोडून कुणी दोन्ही हातांनी बॉलला हात लावायचा नाही. गोल ३ मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटीमीटर उंच. मोठ्यांच्या मॅचला आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, पण शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं त्यामुळं मॅच आरामात तासाच्या पुढं जाते, आणि तेवढा सगळा वेळ एगबीटर मारत राहायचं, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीनं गोल फिरवत छाती पाण्याच्या वर ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं हाताचा खेळ आहे. आहे पायांचा.

आता सेंटरचं बघा. अटॅक करणाऱ्या टीमचा सगळ्यात दांडगा गडी समोरच्या गोलपुढं दोन मीटरच्या रेषेजवळ पाठ करून बसतो. त्याच्या मागं, म्हणजे तो आणि गोल यांच्या मधे, आपला सेंटर-बॅक. बॉल सेंटरच्या हातात पडला की तो पाठीनं रेटतो, वळतो, मारतो. मागच्यानं त्याला बॉल हातात नसताना धरलं, बुडवलं, ओढलं की एक्सक्लूजन, म्हणजे आपला गडी वीसेक सेकंद बाहेर कोपऱ्यात आणि समोरचे सहा आपल्या पाचांवर. असे तीन झाले की तो पोरगा मॅचमधून कायमचा बाहेर. त्यात २०१९ च्या नियमबदलानंतर सहा मीटरच्या आत गोलकडं तोंड करून शॉटला निघालेल्याला मागून अडवलं तर सरळ पेनल्टी. म्हणजे मागं उभं राहून हलक्या पोरानं करायचं तरी काय? धरलं तर बाहेर, सोडलं तर गोल.

आपल्याकडं कुस्तीच्या भागात ही गोष्ट लवकर कळायला पाहिजे पण उलट होतं. सातारा-सांगलीकडं ताकद म्हटली की डोळ्यासमोर आखाडा येतो, आणि आखाड्यात वजनगट असतो हे आपण विसरतो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते बँटमवेटमधे, समोरचे सगळे त्यांच्याच वजनाचे. त्याच हेलसिंकीत आपली वॉटरपोलो टीमपण गेली होती, आणि ती हरून परत आली. पाण्यात वजनगट नसतो. ५४ किलोवाल्याला ८० किलोवालाच मिळणार, तक्रार करायची सोय नाही.

तर आधीच्या सीझनला हेच होत होतं. सेंटर-बॅकचे तीन फाऊल हाफटाइमच्या आसपास संपायचे, मग त्याच्या जागी आणखी हलका पोरगा जायचा आणि पुढचं बघवायचं नाही. पालकांचं म्हणणं एकच, सर पोरांचं वजन वाढवा. एक काका तर स्वतःच्या गोठ्यातलं दूध घेऊन यायचे रोज. सरांनी दूध कधी नाकारलं नाही, पण ते म्हणायचे की १६ वर्षाच्या पोराचं वजन मी सहा महिन्यात वाढवू शकत नाही, वाढवलं तर ते पोटावर वाढेल. मला हे तेव्हाही पटलं होतं.

मग सरांनी जपानच्या मॅच बघायला सुरुवात केली. आमच्यासमोर लॅपटॉपवर, पुढं-मागं करत, जिथं बॉल हवेत असेल तिथं थांबवत.

जपानची गोष्ट आपल्याला जवळची आहे ती अशी. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या एशियाडला वॉटरपोलोचं गोल्ड भारताचं. त्या टीममधे सचिन नाग होते, त्यांनी त्याच एशियाडला १०० मीटर फ्रीस्टाइलचंही गोल्ड घेतलं. १९७० ला बँकॉकमधे गोल्ड जपानचं आणि सिल्व्हर आपलं. १९८२ ला दिल्लीत ब्राँझ, आणि तिथून पुढं एशियाडचं मेडल नाही. जपानचीही त्या १९७० नंतर गंमतच झाली, मधली सगळी गोल्ड इराण, चीन आणि कझाकस्ताननं वाटून घेतली, ऑलिम्पिकला १९८४ नंतर थेट २०१६ ला रिओत त्यांची पुरुषांची टीम पोचली. आणि हांगझोऊच्या एशियाडला, २०२३ ला, फायनलमधे चीनला हरवून गोल्ड परत घेतलं. तब्बल ५३ वर्षांनी. मधल्या काळात त्यांची पोरं काही सहा-सात इंच उंच झाली नाहीत, खेळायची पद्धत बदलली.

रिओ आणि टोकियोला त्यांचे कोच होते योजी ओमोटो. त्यांनी डिफेन्सची जागाच उलटी केली. नेहमीचा डिफेन्स आपला गडी आणि आपला गोल यांच्या मधे असतो. जपानचा डिफेन्डर गडी आणि बॉल यांच्या मधे येतो, म्हणजे पासच्या वाटेवर. मागं गोल मोकळा दिसतो, बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण हिशोब असा की वजन वापरायला समोरच्याच्या हातात आधी बॉल तर पडला पाहिजे. तो पडूच द्यायचा नाही. आणि बॉल हिसकावला की आपण आधीच समोरच्याच्या पुढं, त्यांच्या गोलच्या बाजूला असतो, त्यामुळं काउंटरला, म्हणजे उलट हल्ल्याला, दोन-तीन मीटर फुकट मिळतात. जड गड्याला पाण्यात वळून मागं पळायला वेळ लागतो, त्या वेळेत गोल.

याची किंमत पण आहे आणि ती स्कोअरबोर्डवर दिसते. टोकियोला पहिल्याच मॅचला अमेरिकेशी १३-१५ हरले, दक्षिण आफ्रिकेला २४-९ नं धुतलं. पॅरिसला जी सर्बिया शेवटी गोल्ड घेऊन गेली तिला जपाननं पहिल्या मॅचला १६-१५ पर्यंत ताणलं, पण हरलेच. पास डोक्यावरून निघाला की गोली आणि समोरचा, मधे कुणी नाही. खूप घालणार, खूप खाणार. मोठ्या टीमना घाम फोडणं आणि मोठ्या टीमना हरवणं यात अंतर आहे आणि जपान अजून त्या अंतरात अडकलंय असं माझं मत.

सरांचा निर्णय हाच, की आम्ही हेच खेळायचं. मला सुरुवातीला हे जरा धाडसाचं वाटलं कारण आमचा पूल. २५ मीटरचा, एका बाजूला उथळ. वॉटरपोलोला किमान १.८ मीटर खोली लागते, ती आमच्याकडं पूलच्या अर्ध्याच भागात. उथळ भागात पोरं नकळत पाय टेकवतात आणि ती सवय लागली की मॅचला फाऊल, म्हणून सर खेळ फक्त खोल बाजूला घ्यायचे. म्हणजे डिफेन्सचा सराव होणार पण बॉल हिसकावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं, ते खेळात कधी होणारच नाही. ते नुसतं पोहून घ्यायचं.

जमेची बाजू एक होती, आमच्या पोरांमधली निम्मी कृष्णाकाठची. लहानपणी पाठीला डबा बांधून नदीत शिकलेली. नदीत पोहणारा डोकं वर ठेवूनच पोहतो, समोरून लाकूड येतंय का गाळात काय अडकलंय ते बघायला लागतं, आणि पोलोत नेमकं तेच लागतं, डोकं वर, नजर बॉलवर. शहरातल्या क्लबच्या पोरांचा स्ट्रोक सुंदर असतो पण मान खाली असते, त्यांना हे नव्यानं शिकवायला लागतं. (आता मगरींमुळं भिलवडी-औदुंबर पट्ट्यातली आई-बापं पोरांना नदीत सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, पण म्हणजे पुढच्या बॅचला हा फायदा नसणार.) पावसाळ्याचं मात्र काही खरं नसतं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की अर्धी टीम घरचं सामान वर चढवायला जाते, प्रॅक्टिस गेली तेल लावत.

स्पर्धा पुण्यात. पहिली मॅच मुंबईकडच्या एका टीमशी, सेंटर तोच दांडगा. मॅचआधी रेफरीनं सगळ्यांची नखं तपासली, आमच्या दोघांना परत पाठवून कापायला लावली, तिथंच पोरं थोडी बिचकली.

पहिला क्वार्टर बघून मला वाटलं संपलं सगळं. ठरल्याप्रमाणं सेंटरच्या पुढं येऊन पासच्या वाटेवर थांबायचं, ते पोरं करत होती. गडबड दुसरीकडंच होती. बाहेरून पास देणाऱ्यावर जो प्रेस करायचा असतो, म्हणजे अगदी जवळ जाऊन दबाव टाकायचा असतो, तिथं आमची पोरं हात टाकत होती, धरत होती. आता इथं नियमाची मेख बघा. बॉल जवळ आहे पण हातात उचललेला नाही अशाला हलकंसं अडवणं-ढकलणं हा साधा फाऊल, त्याला कुणी बाहेर जात नाही, म्हणून पोरांना वाटतं चालतंय. पण साध्या फाऊलनंतर फ्री थ्रो मिळतो, आणि फ्री थ्रो घेताना तुम्ही त्याला अडवू शकत नाही. म्हणजे आत्तापर्यंत ज्याच्या डोळ्यासमोर हात होता त्याला शिट्टीनं दोन सेकंद मोकळा केला, आणि तो शांतपणे बघून सेंटरच्या बरोबर हातात बॉल ठेवतो. आम्ही पास अडवायला निघालो होतो आणि स्वतःच फुकटचा पास वाटत होतो. वहीत मांडलेलं बघितलं तर पहिल्या हाफमधे सेंटरला गेलेल्या बॉलपैकी बहुतेक बॉल आमच्याच साध्या फाऊलनंतर गेलेले. हाफला ३-६.

दुसरी अडचण गोलीची. डिफेन्डर पुढं आला की मागं जी जागा पडते ती गोलीची असते. वरून लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच बॉल, टाकला तर गोलीनं तीन-चार मीटर पुढं येऊन तो उचलायचा. आमचा गोली चांगला आहे पण रेषेला चिकटलेला, त्याला लहानपणापासून तेच सांगितलेलं, गोल सोडू नको. एक बॉल त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला आणि हा बघत बसला.

सरांनी टाइमआउट घेतला. एक मिनिट असतं. मी मागंच होतो त्यामुळं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं:

"हात कुठाय तुझा?"

"सर तो पाण्याखाली धरतोय ओ, रेफरीला दिसत न्हाय."

"तो धरू दे. तुझा हात कुठाय ते सांग."

"..."

"वर पाहिजे. दोन्ही बाजूच्या पोरांनी ऐका, ज्याच्याकडं बॉल आहे त्याला हात लावायचा नाही. अजिबात नाही. एक हात सरळ वर, पायावर उठायचं, त्याला समोरचं दिसू द्यायचं नाही बास. शिट्टी वाजली की मी समजणार तू पास दिलास. आणि तू," गोलीकडं बघून, "बॉल हवेत गेला की तो तुझा. चुकला तर मी बघतो, पण रेषेवर दिसू नको मला."

दुसऱ्या हाफला साधे फाऊल एकदम कमी झाले, सेंटरकडं बॉल जायचा कमी झाला, आम्ही पाच-सहा पास हिसकावलेपण. पण तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी पाय संपले. हात वर ठेवून प्रेस करायचं म्हणजे धरण्यापेक्षा दुप्पट एगबीटर, कारण धरल्यावर तुम्ही समोरच्यावर थोडं वजन टाकून विश्रांती घेत असता. ती विश्रांतीच गेली. काउंटरला पोरं पोचत होती आणि पोचल्या पोचल्या दमलेल्या हातानं मारत होती, बॉल गोलीच्या छातीवर. मॅच ७-११ नं गेली.

रात्री जेवणं झाल्यावर सरांनी सगळ्यांना बसवलं, भडंगाची पिशवी मधे. मला वाटलं आता जुन्या पद्धतीवर परत जायचं ठरेल, कारण दोन पालक येऊन तेच सांगून गेले होते की सर सेंटरच्या मागं राहूदे पोराला, गोल उघडा पडतोय. सर ऐकून घेऊन हो हो म्हणाले आणि बदललं काहीच नाही. फक्त वही मागितली आणि पोरांना एकच गोष्ट दाखवली, की पहिल्या हाफला आपल्यावर पाच एक्सक्लूजन आणि दुसऱ्या हाफला एकच. म्हणजे डिफेन्स चालतोय, दम चालत नाहीये. मग दमाचा हिशोब लावायला बसले.

तो हिशोब मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. तीन गोष्टी ठरल्या. बदली खेळाडू दमल्यावर नाही, दमायच्या आधी घालायचे, दर दोन-अडीच मिनिटांनी एक-दोन जण आत-बाहेर, मग बेंचवरचा थोडा कच्चा असला तरी चालेल, ताजे पाय महत्त्वाचे. काउंटर तीनावर दोन किंवा त्याहून चांगला असेल तरच मारायचा, नाहीतर थांबायचं, शॉट क्लॉक, म्हणजे एका अटॅकला मिळणारा वेळ, पूर्ण वापरायचं आणि शेवटी काही जमलं नाही तर बॉल समोरच्या कोपऱ्यात टाकायचा, उगाच मधून अर्धवट शॉट मारून त्यांना काउंटर द्यायचा नाही. बॉल कोपऱ्यात पडला की त्यांना तिथून सगळं अंतर पोहून यायला लागतं आणि तेवढ्यात आपली पोरं सावकाश मागं येऊन श्वास घेतात. आणि प्रत्येक क्वार्टरच्या मधल्या भागात थोडा वेळ प्रेस सोडून ड्रॉप करायचा, सगळे गोलपुढं आत यायचं, बाहेरून मारा म्हणायचं. लांबचा शॉट गोली बघेल. हे शेवटचं जपानच्या पद्धतीत बसत नाही, पण जपानच्या पोरांचे पाय आमच्याकडं नाहीत, हे सरांनी मान्य केलं आणि मला ते फार आवडलं. नक्कल पूर्ण करायच्या हट्टापायी टीम बुडवणारे कोच मी बघितलेत.

दुसऱ्या दिवशीची टीम मुंबईपेक्षा थोडी कमी पण सेंटर जवळपास तेवढाच. पहिली दहा मिनिटं तो सेंटर बॉलसाठी हात वर करून बसलेला, बॉल येईना. मग तो वैतागला, आमच्या पोराला कोपरानं ढकलायला लागला, आणि तिथं रेफरीनं अटॅकचा फाऊल दिला. आमच्या ५४ किलोवाल्याचा चेहरा त्यावेळी बघण्यासारखा होता. मग समोरच्या कोचनं शहाणपणा केला, सेंटरला बाजूला हलवायला लागला, पोस्टच्या रेषेत, म्हणजे पास वेगळ्या कोनातून येईल. तिथं आमचे दोन गोल गेले. पण गोली पुढं आला दोनदा, एकदा चुकला आणि एकदा त्यानं लॉब उचलून सरळ अर्ध्या पाण्यापलीकडं फेकला, तिथं आमचा नदीवाला पोरगा एकटा. डोकं वर ठेवून पळत होता, बॉल त्याच्या पुढं पाण्यावर पडला, उचलला, गोलीला एक फसवा हात दाखवला आणि दुसऱ्या बाजूला टाकला. बेंचवर जो आरडाओरडा झाला त्यावर रेफरीनं वॉर्निंग दिली.

जिंकलो ९-८ नं. शेवटच्या मिनिटाला एका माणसानं कमी खेळत होतो, २० सेकंद पाच जणांनी काढली, त्यांचा शॉट पोस्टला लागला. नशीब होतं त्यात, उगाच पद्धतीला सगळं श्रेय द्यायला नको.

त्याच संध्याकाळी तिसरी मॅच होती आणि ती वाईट हरलो. कारण शोधायला वहीची गरज नाही. दिवसाला दोन मॅच, आणि हा डिफेन्स दिवसाला दोन मॅच खेळायचा नाहीच. दुसऱ्या क्वार्टरपासूनच पोरं परत धरायला लागली, दमलेला माणूस धरतोच, आणि पुन्हा तेच, फ्री थ्रो, सेंटर, गोल. सरांनी त्या मॅचला पूर्ण ड्रॉप खेळायला पाहिजे होतं असं माझं मत आहे, ते त्यांना सांगितलंय, त्यांना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं पोरांना हरतानाही तीच सवय राहूदे.

बाकी एक गोष्ट राहिली जिचं उत्तर अजून आमच्याकडं नाही. दुसऱ्या मॅचच्या कोचनं जे अर्धवट केलं ते कुणीतरी पूर्ण करणार, म्हणजे दोन सेंटर लावणार, दोन्ही पोस्टवर एक-एक. मग पासच्या वाटा दोन होतात आणि आमचा पुढं येणारा डिफेन्डर कुठल्याही एकाच वाटेवर असू शकतो. सर म्हणतात बाहेरच्या चौघांवर प्रेस इतका कडक करायचा की दोन्हीकडं बॉल जाणार नाही. गोली म्हणतोय मला एक बाजू द्या, मी घेतो. त्याला रेषेवरून हलवायला एवढा त्रास झाला आणि आता तो थांबायला तयार नाही. पाऊस संपून पूल सुरू झाला की दोन सेंटर लावूनच प्रॅक्टिस घ्यायची ठरलीय, दुसरा सेंटर म्हणून सरांनी एका माजी खेळाडूला बोलावलंय, तो आता वडापावची गाडी चालवतो आणि वजन ९० च्या पुढं आहे.